पंचांग पाहून पाहावयाचें गांव : अलिबाग

समुद्रकांठच्या गांवीं चार दिवस जाऊन राहावें, वारा खावा, एखादा जुना किल्ला किंवा देऊळ पाहावें आणि ताजेंतवानें होऊन परत यावें, ही कल्पना आतां सर्वत्र रूढ झाली आहे. युरोपांत तर अशा गांवांची एक परंपराच आहे. आद्रियाटिक समुद्राच्या कांठीं, आजच्या क्रोएशिया देशांत, ओपातिया नांवाचें एक गांव आहे. १८४४ सालीं तेथें एका धनिकानें आपला बंगला बांधला, १८८४ सालीं पहिलें मोठें हॉटेल उघडलें, आणि १८८९ सालीं सरकारनें त्या गांवास आरोग्यस्थान म्हणून मान्यता दिली. त्या वेळीं तो प्रदेश ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होता. तेथें पाण्याच्या अगदीं कडेनें फिरण्याचा रस्ता बांधलेला असून तो सुमारें १२ किलोमीटर लांब आहे. या रस्त्यानें सकाळीं जावें, दुपारीं जावें किंवा रात्रीं जावें; समुद्र आपल्या जागींच सांपडतो. याचें कारण असें, कीं त्या किनाऱ्यास भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक-दीड हाताचा असतो.

आपल्या कोंकणपट्टीचा समुद्र तसा नाहीं. तो दिवसांतून दोनदां जवळ येतो आणि दोनदां दूर जातो. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळींत सरासरी बारा फुटांचा फरक पडतो. म्हणून युरोपांतील प्रवासी जसा केवळ सुटी पाहून निघतो, तसें आपल्याकडील प्रवाशानें निघून चालत नाहीं. त्यानें आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. ती म्हणजे तिथि. ही गोष्ट अलिबागच्या बाबतींत विशेष खरी आहे. या गांवाचा किल्ला, त्या किल्ल्याचा इतिहास आणि तेथें जाणाऱ्या माणसाची सुरक्षितता, हीं तिन्ही समुद्राच्या घड्याळावर चालतात. तें घड्याळ ज्यास वाचतां येतें त्यास गांव उलगडतें; ज्यास येत नाहीं त्याच्या जिवावर प्रसंग बेततो.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर, पायीं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, एका खडकावर कुलाबा किल्ला उभा आहे. त्याच्या उत्तरेस सर्जेकोट नांवाचा एक लहानसा कोट असून एका दगडी बांधानें तो मुख्य किल्ल्याशीं जोडलेला आहे. भरतीच्या वेळीं किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास किल्ल्याच्या चोहोंकडे पाणीच पाणी दिसतें. तोच मनुष्य सहा तासांनीं तेथें येईल, तर पाणी मागें हटून खडकाळ वाळूची वाट उघडी पडलेली त्यास दिसेल. त्या वाटेनें लोक चालत जातात, घोडागाड्याही जातात. म्हणजे हा किल्ला दिवसांतून कांहीं तास जमिनीचा असतो आणि उरलेला वेळ समुद्राचा असतो. तो केव्हां कोणाचा आहे हें आधींच कसें ओळखावें, हा मुख्य प्रश्न होय.

भरती-ओहोटीचें कारण शाळेंत सर्वांनीं वाचलेलें असतें. चंद्राच्या व कांहीं अंशीं सूर्याच्या आकर्षणानें समुद्राचें पाणी उचललें जातें आणि पृथ्वी स्वतःभोवतीं फिरत असल्यामुळें बहुतेक किनाऱ्यांस दिवसांतून दोनदां भरती येते. परंतु पृथ्वीची एक फेरी पुरी होईपर्यंत चंद्र आपल्या मार्गावर थोडा पुढें सरकलेला असतो. त्यास पुन्हां गांठण्यास पृथ्वीस सुमारें पन्नास मिनिटें अधिक लागतात. म्हणून आज बारा वाजतां भरती आली, तर उद्यां ती बारा वाजतां न येतां पाऊण तास उशिरानें, किंवा त्याहून किंचित् अधिक उशिरानें येते. या एका गोष्टीवरून आपल्या किनाऱ्यावरील लोकांनीं एक सुटसुटीत हिशेब बसविला आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां त्या दिवशीं भरती पूर्ण होते.

उदाहरणार्थ, चतुर्थी घ्यावी. चाराची पाऊणपट तीन. म्हणून चतुर्थीस तीनच्या सुमारास, दुपारीं आणि पहाटेही, भरती पूर्ण असते. भरतीनंतर सहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते; म्हणजे सकाळीं नऊच्या व रात्रीं नऊच्या सुमारास. एकादशी घेतली, तर अकराची पाऊणपट सव्वाआठ. ओहोटी सव्वादोनच्या सुमारास. अष्टमीस भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पौर्णिमेस व अमावास्येस भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सहाच्या आसपास येते. शुक्ल पक्ष असो कीं कृष्ण पक्ष, हिशेब एकच. प्रतिपदेपासून पुन्हां आरंभ करावयाचा. हा हिशेब अर्थात् अंदाजाचा आहे. त्यांत अर्ध्यापाऊण तासाची चूक राहूं शकते, आणि तिथीची वाढ किंवा क्षय असेल तेव्हां अधिकही. नेमका वेळ पाहिजे असेल, तर भरती-ओहोटीचीं छापील कोष्टकें मिळतात तीं पाहावींत, आणि गांवांतील कोळी बांधवांस विचारावें. परंतु घरबसल्या सहलीचा दिवस ठरविण्यास हा अंदाज पुरेसा होतो.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या लोकांस हा हिशेब परका वाटण्याचें कारण नाहीं. कांजूरमार्ग स्टेशनाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. कांजूर, भांडुप, मुलुंड या पट्ट्यांत मिठागरें होतीं आणि त्यांचा सारा व्यवहार याच हिशेबानें चालत असे. उधाणाची भरती आली, कीं बांधाचीं दारें उघडावयाचीं, खाडीचें पाणी मोठ्या तळ्यांत घ्यावयाचें, दारें बंद करावयाचीं, आणि मग तें पाणी क्रमाक्रमानें उथळ वाफ्यांत सोडून उन्हांत आटवावयाचें. दार उघडण्याची तिथि चुकली, तर मिठागराचा मालक व मजूर दोघांचेंही नुकसान ठरलेलें. आज तेथून रेल्वेनें जाणाऱ्या माणसास कांदळवन आणि मोकळी जमीन एवढेंच दिसतें. पण अलिबागची वाट बुडविणारी जी भरती, तीच वळसा घालून ठाण्याच्या खाडींत शिरते आणि कांजूरच्या कांदळवनाच्या मुळांशीं येऊन थांबते. फरक इतकाच, कीं खाडींत आंतवर पोंचण्यास तिला थोडा अधिक वेळ लागतो.

आतां दुसरी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सर्व दिवसांची भरती सारखी नसते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र एकाच रेषेंत ओढतात; त्यामुळें पाणी फार वर चढतें आणि फार खालीं उतरतें. यास उधाण म्हणतात. उधाणाचा जोर त्या तिथीनंतर एक-दोन दिवस अधिकच असतो. उलट, अष्टमीच्या सुमारास सूर्य व चंद्र एकमेकांशीं काटकोनांत असतात. त्या वेळच्या भरतीस भांगाची भरती म्हणतात. भांगाच्या दिवशीं मुंबईस पाण्याचा फरक सरासरी चार-पांच फुटांचाच पडतो. म्हणजे भरती फारशी चढत नाहीं, पण ओहोटीही फारशी उतरत नाहीं. अष्टमीस भर दुपारीं ओहोटी आहे, म्हणजे सोय चांगली आहे, असें समजून कोणी अलिबागेस गेला, तर ओहोटी पूर्ण होऊनही वाटेवर पाणी उरलेलें त्यास आढळेल. म्हणून किल्ल्यावर चालत जाण्यास भांगाचे दिवस टाळावेत. शिवाय एकाच दिवसाच्या दोन ओहोट्याही अगदीं सारख्या नसतात. एक अधिक उतरते, एक कमी. कालच्या रात्रीं वाट कोरडी होती, म्हणून आज दिवसाही तशीच असेल असें धरून चालूं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाणी परत चढण्याच्या वेगाची आहे. पाणी सहा तास सारख्या गतीनें चढत नाहीं. बारा फुटांची भरती धरली, तर खलाशांच्या ठोकळ हिशेबाप्रमाणें पहिल्या तासांत तें एक फूट चढतें, दुसऱ्या तासांत दोन फूट, तिसऱ्या व चौथ्या तासांत तीन-तीन फूट, पांचव्या तासांत पुन्हां दोन फूट आणि सहाव्या तासांत एक फूट. पहिला तास फसवा असतो तो यामुळेंच. किल्ल्याच्या तटावरून पाहणाऱ्यास वाट जवळजवळ तशीच दिसते आणि तो मनांत म्हणतो, अजून पुष्कळ वेळ आहे. तो गणपतीचें दर्शन घेतो, तटावर बसतो, मुलांस शिंपले वेंचूं देतो. दुसऱ्या तासाच्या अखेरीस पाणी तीन फूट चढलेलें असतें, आणि त्यापुढच्या एका तासांत तें आणखी तीन फूट चढणार असतें. त्यांतही तें समोरून येत नाहीं. किल्ला व किनारा यांच्यामधील पट्ट्यांत तें उत्तर व दक्षिण अशा दोन्ही अंगांनीं शिरतें. म्हणून चालणाऱ्याच्या पुढें कोरडें दिसत असतां बाजूंनीं पाणी मिळून जातें. पर्यटक किल्ल्यांत अडकून पडण्याचे प्रसंग घडतात, ते बहुधा या अज्ञानामुळें. समुद्र कोणाशीं दगा करीत नाहीं. तो आपल्या वेळेवर येतो.

यावरून एक साधा नियम निघतो. ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधीं, पाणी उतरत असतांना, किल्ल्याकडे निघावें. आणि ओहोटी पूर्ण झाल्यानंतर एका तासाच्या आंत किनाऱ्यावर परत यावें. पावसाळ्यांत तर या वाटेचा विचारच करूं नये. त्या दिवसांत लाटांचा जोर इतका असतो, कीं तिथीचा हिशेब बरोबर आला तरी तो उपयोगी पडत नाहीं.

या घड्याळाचें ज्ञान ज्यांनीं राज्यकारभारांत वापरलें, त्यांचा इतिहास आतां पाहूं. १६८० सालीं शिवाजी महाराजांनीं या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. त्याच सालच्या एप्रिल महिन्यांत महाराजांचें निधन झालें, आणि पुढील काम संभाजी महाराजांच्या कारकीर्दींत पुरें झालें. जागेची निवड पाहिली म्हणजे महाराजांची दृष्टि कळते. खडक इतका किनाऱ्याजवळ आहे, कीं गांवांतून दाणागोटा, दारूगोळा आणि माणसें ओहोटीस सहज पोंचवितां येतात. आणि इतका दूर आहे, कीं शत्रूच्या पायदळास भरतीचें पाणी अडवितें. सभोंवतीं पाणी उथळ आणि खडकाळ असल्यामुळें परदेशी आरमाराचीं खोल बुडाचीं मोठीं जहाजें तटास भिडूं शकत नाहींत. मराठ्यांचीं गुराबें व गलबतें मात्र उथळ पाण्यांतूनही फिरत. जमिनीवरून येणाऱ्या सैन्यास हल्ल्यासाठीं दिवसांतील थोडेच तास मिळत, आणि तेवढ्यांत काम न झालें तर पाठीशीं समुद्र येऊन उभा राही.

तटाची बांधणीही अशीच विचाराची आहे. तटाचे प्रचंड चिरे चुन्यानें न सांधतां नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट तटावर आदळली, कीं तिचें पाणी दगडांच्या फटींत शिरतें आणि तिचा जोर तेथेंच मोडतो. सांधलेल्या सपाट भिंतीस जो धक्का बसला असता, तो अशा रचलेल्या भिंतीस बसत नाहीं. तीन शतकांहून अधिक काळ दिवसांतून दोनदां समुद्रानें ही परीक्षा घेतली आहे, आणि तट उभा आहे.

कान्होजी आंग्रे यांच्या काळांत कुलाबा हें मराठी आरमाराचें मुख्य ठाणें झालें. सरखेल या पदवीनें ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषानें कोंकणच्या समुद्रांत आपला दरारा असा बसविला, कीं इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी या तिन्ही सत्तांस त्याच्याकडे लक्ष देऊन वागावें लागलें. १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांनीं एकत्र येऊन कुलाब्यावर मोहीम काढली. इंग्लंडहून आलेला कमोडोर मॅथ्यूज या मोहिमेंत होता. चौल तेव्हां पोर्तुगीजांच्या ताब्यांत होतें. त्या बाजूनें जमिनीवरील सैन्य आणि समुद्रावरून आरमार, असा दुहेरी बेत होता. आंग्ऱ्यांच्या मदतीस पेशव्यांची फौज आली, मित्रांत बेबनाव झाला, पोर्तुगीजांनीं मराठ्यांशीं निराळा तह केला आणि मोहीम फसली. हें सर्व एकट्या भरती-ओहोटीनें घडविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. माणसांचें शौर्य आणि पेशव्यांची वेळेवर आलेली मदत हींच प्रधान कारणें. परंतु ज्या जागीं ही झुंज झाली, ती जागा निवडण्यांतच निम्मी लढाई जिंकलेली होती, हें वाटेनें एकदां चालून गेलेल्या माणसास सांगावें लागत नाहीं.

कान्होजींचें निधन १७२९ सालीं झालें. त्यानंतर त्यांच्या मुलांत कलह माजला, आणि जें आरमार परकीयांस हरलें नव्हतें तें घरच्या भांडणानें दुबळें झालें. आंग्ऱ्यांचें कुलाबा संस्थान पुढें शंभरावर वर्षें टिकलें. १८४० सालीं गादीस वारस नाहीं या कारणानें कंपनी सरकारनें तें खालसा केलें. कान्होजींची समाधि अलिबाग गांवांत आहे. बाजारांतून जाणाऱ्या प्रवाशानें किल्ल्याकडे वळण्यापूर्वीं तेथें क्षणभर थांबणें उचित होय.

किल्ल्याचा महादरवाजा गांवाच्या दिशेस आहे. आंत शिरल्यावर सर्वांत आश्चर्याची वस्तु म्हणजे गोडें पाणी. चारी बाजूंस खारें पाणी असतांना या खडकावर गोड्या पाण्याची विहीर आहे आणि बांधीव पुष्करणीही आहे. ज्या किल्ल्यांत गोडें पाणी नाहीं तो वेढ्यांत चार दिवसही टिकत नाहीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे या विहिरीची किंमत कळते. पुष्करणीजवळच गणपतीचें देऊळ आहे. तें राघोजी आंग्रे यांनीं १७५९ सालीं बांधलें. गाभाऱ्यांत गणपतीबरोबर इतर देवता असून हें गणेश-पंचायतन म्हणून प्रसिद्ध आहे. तटावर लोखंडी गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा आहेत, आणि बहुतेक लोक त्या आंग्ऱ्यांच्याच समजून त्यांच्याजवळ छायाचित्रें काढतात. त्या इंग्रजी बनावटीच्या आहेत. यॉर्कशायर परगण्यांतील लो मूर येथील कारखान्याचें नांव त्यांवर कोरलेलें आहे.

अलिबाग गांवाच्या नांवाविषयीं एक आख्यायिका आहे. अलि नांवाच्या एका सधन बेने इस्रायल गृहस्थाच्या येथें बागा होत्या. त्यांवरून अलीची बाग, आणि पुढें अलिबाग, असें नांव पडलें असें सांगतात. आख्यायिकेचा पुरावा देतां येणार नाहीं. पण तिच्या मागें एक खरी गोष्ट आहे. बेने इस्रायल समाजाचें या किनाऱ्याशीं नातें फार जुनें आहे. जवळच्या नवगांव येथें आपल्या पूर्वजांचें तारूं फुटलें आणि वांचलेले लोक तेथेंच स्थायिक झाले, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. हे लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी. त्यांतील पुष्कळ कुटुंबें पुढें मुंबईस व तेथून इस्रायल देशांत गेलीं. तरी अलिबागेंत इस्रायल आळी व तेथील प्रार्थनामंदिर अजून आहे.

आतां या गांवाच्या एका निराळ्या संस्थेविषयीं सांगणें अवश्य आहे. किल्ला पाहण्यास आलेले बहुतेक लोक तिच्यावरून सरळ निघून जातात. ती संस्था म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पृथ्वी हें एक मोठें लोहचुंबक आहे आणि त्याचा जोर व दिशा सतत किंचित् बदलत असते. हे बदल मोजण्याचें काम मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ सालापासून चाललें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचें ठरलें. विजेचा प्रवाह जेथें वाहतो तेथें चुंबकसुई विचलित होते. ट्रामचा प्रवाह सुरू झाला, कीं पृथ्वीचें सूक्ष्म स्पंदन त्या गोंगाटांत हरवून जाणार, हें वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनीं ओळखलें. त्यांनीं मुंबईच्या जवळ परंतु विजेपासून दूर अशी शांत जागा शोधली, आणि १९०४ सालीं अलिबागेंत नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या इमारतींत लोखंड वापरलें नाहीं. जुन्या व नव्या जागेच्या नोंदी जुळाव्यात म्हणून सुमारें दोन वर्षें दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं निरीक्षण करण्यांत आलें. विजेच्या ट्रामा मुंबईंत १९०७ सालीं धांवूं लागल्या. या दूरदृष्टीमुळें नोंदींची मालिका तुटली नाहीं. आज ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारांत आहे आणि तिच्या दीर्घ नोंदी जगभरच्या शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात.

या वेधशाळेचा आणि समोरच्या समुद्राचा एक गुप्त संबंध आहे. ज्या चंद्रानें समुद्रास भरती येते, त्याच्याच आकर्षणानें वातावरणांतही भरती येते. फार उंचावर हवेचे विद्युद्भारित थर आहेत. ते हलले, कीं तेथील प्रवाह बदलतात आणि चुंबकसुई अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत हलते. म्हणजे किनाऱ्यावर जो चंद्र बारा फूट पाणी उचलतो, तोच गांवांतील वेधशाळेच्या सुईस डोळ्यांस न दिसेल इतकें ढकलतो. किल्ला आणि वेधशाळा हीं दोन्ही एकाच चंद्राचीं कामें दाखवितात. एक उघड्या डोळ्यांस, दुसरी उपकरणास.

प्रत्यक्ष जाण्याविषयीं आतां थोडें. कांजूरमार्गच्या एखाद्या कुटुंबानें एका दिवसांत जाऊन यावयाचें ठरविलें, असें धरूं. लोकलनें मुंबईस जावें, गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याची लाँच धरावी. लाँचला सुमारें एक तास लागतो. वाटेंत दक्षिणेकडे खांदेरी व उंदेरी हीं बेटें दिसतात. त्यांपैकीं खांदेरी किल्ल्याचा समावेश २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्यें झाला. मांडव्याहून अलिबाग मोटारीनें पाऊण तासाच्या वाटेवर आहे. मोटार बरोबर न्यावयाची असेल, तर २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारींसह नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. खुष्कीनें जाणारांस पनवेल, पेण, वडखळ हा रस्ता आहेच. पावसाळ्यांत गेटवेच्या लाँचा बंद असतात.

आतां तिथीचा हिशेब लावूं. पहाटे निघालेलें कुटुंब सकाळीं साडेआठ-नऊपर्यंत अलिबागेस पोंचेल. त्यास ओहोटी नऊ ते दहाच्या सुमारास पाहिजे. पाऊणपटीचा हिशेब उलटा केला, तर चतुर्थी किंवा पंचमी येते. या दिवशीं उतरल्याबरोबर प्रथम किल्ला पाहावा आणि गांव मागाहून. दुसरी सोय त्रयोदशीची. त्या दिवशीं भरती पावणेदहाला आणि ओहोटी पावणेचारला. म्हणून सकाळीं समाधि, हिराकोट, बाजार पाहून, जेवून, दोनच्या सुमारास किल्ल्याकडे निघावें. फक्त परतीची शेवटची लाँच केव्हां आहे हें आधीं विचारून ठेवावें. रात्रीं मुक्काम करणाऱ्यांस द्वितीया-तृतीया उत्तम. सकाळीं साडेसात ते सव्वाआठ ही ओहोटीची वेळ, उधाणामुळें वाट चांगली उघडी, आणि ऊन कोंवळें. उलट, सप्तमीपासून नवमीपर्यंतच्या दिवसांत किल्ला किनाऱ्यावरूनच पाहावा आणि वेळ नागांव, चौल, रेवदंडा या बाजूस घालवावा.

येथें एक अडचण कोणीही काढील. सुटी रविवारीं असते. तिथि आपल्या सोयीनें येत नाहीं. हें खरें आहे. परंतु एका पक्षांत सोयीच्या तिथि तीन-चार तरी असतात, महिन्यांत पक्ष दोन असतात, आणि पावसाळा सोडून वर्षाचे सातआठ महिने मोकळे असतात. त्यांतून एखादा रविवार सोयीच्या तिथीस येतोच. थोडा धीर धरावा लागतो इतकेंच. आणि तो दिवस माघ-फाल्गुनाच्या सुमारास आला, तर अलिबागचा पांढरा कांदाही बाजारांत माळा करून टांगलेला मिळतो. भाताचें पीक निघाल्यावर त्याच शेतांत तो लावतात. चवीस तो गोडसर असून त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें आहे.

मराठी घरांत भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यांत तिथि छापलेली असते आणि ती संकष्टी, एकादशी किंवा एखादें श्राद्ध एवढ्यासाठींच पाहिली जाते. तोच आंकडा समुद्राची वेळही सांगतो, हें ज्ञान कोळी, आगरी, खलाशी आणि आरमाराचे सरदार यांस होतें. शहरांत येऊन मनगटावरील घड्याळ पाहूं लागल्यावर तें आपल्या हातून सुटत चाललें आहे. तें सुटल्यानें शहराच्या रस्त्यावर कांहीं बिघडत नाहीं. पण तोच मनुष्य मुलाबाळांसह अलिबागच्या ओल्या वाळूवर उतरला, कीं त्याची उणीव भासते. म्हणून पुढील सहलीचा बेत ठरवितांना घरांतील मुलांपैकींच एकाला दिनदर्शिकेजवळ उभें करावें, त्या दिवसाची तिथि वाचावयास सांगावें आणि तिची पाऊणपट करावयास लावावें. जें उत्तर येईल तें सहा तासांनीं पुढें सरकवून मगच सर्वांच्या निघण्याची वेळ ठरवावी.